मध, ई जीवनसत्त्व आणि भाजलेली जखम

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे उसाचा आटवलेला रस, ही पाच औषधे घेण्याची अनुमती तथागतांनी दिली, अशी नोंद त्यात आढळते. साध्या घरगुती पदार्थांकडे औषध म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे इतकी जुनी आहे. मात्र पोटात घेण्याचे औषध जखमेवरही चालेलच असे नाही. ते पारखूनच ठरवावे लागते.

आपल्या वढू बुद्रुक परिसरात आणि एकूणच शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाची काहील व घरची चूल रोजच्या वापरातल्या. त्यामुळे भाजण्याची भीतीही रोजचीच. भाजले की कोणी हळद लावतो, कोणी तूप, कोणी टूथपेस्ट. अलीकडे ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून लावण्याचीही प्रथा पडली आहे. यांतले खरे किती, हे प्रयोगांनीच सांगावे.

ई जीवनसत्त्वाचा शोध 1922 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी लावला. शेंगदाणे, सूर्यफुलाचे तेल, बदाम यांत ते असते. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि पेशींच्या आवरणात राहून हानिकारक मुक्त कणांपासून त्यांचे रक्षण करते. भाजलेल्या ऊतींत असे कण वाढतात, म्हणून त्याचा उपयोग होईल, असा संशोधकांचा तर्क.

आपल्या राज्यातील सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मधाची रीतसर परीक्षा घेतली. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भाजलेले 104 रुग्ण होते. निम्म्यांच्या जखमांवर मध, तर निम्म्यांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनची पट्टी वापरली. सात दिवसांत मधाच्या गटातील 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातील केवळ 7 टक्के. पंधरा दिवसांत मधाने 87 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या उपचाराने 10 टक्के. मधातील दाट साखर जंतूंचे पाणी शोषून घेते, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही आणि त्यातून अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते.

पुढे 1996 मध्ये त्यांनी मधात क व ई जीवनसत्त्वे आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून पाहिले. नुसत्या मधापेक्षा हे मिश्रण सरस ठरले. परंतु घटक एकत्र असल्याने त्यातील श्रेय एकट्या ई जीवनसत्त्वाला देता येत नाही. 1999 मध्ये याच संशोधकांनी मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मधाच्या पट्टीची शस्त्रक्रियेशी तुलना केली. जळालेली त्वचा लवकर काढून नवी त्वचा बसवणे अधिक श्रेयस्कर, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच मांडला. आपल्याच आवडत्या औषधाची मर्यादा सांगणे, ही विज्ञानाची खरी शिस्त होय.

ई जीवनसत्त्वाचीही अशीच परीक्षा झाली. 1999 मध्ये मायामी विद्यापीठाच्या अभ्यासात पंधरा रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावले. 90 टक्के व्रणांत एकतर फरक पडला नाही किंवा व्रण अधिक वाईट दिसू लागला. एक-तृतीयांश रुग्णांच्या त्वचेला त्याची बाधा झाली. म्हणजे आहारात आवश्यक असलेली वस्तू व्रणावरही गुणकारी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

मुंबईतही अशी पारख झाली आहे. उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वाडिया बालरुग्णालयात, तर केळीच्या पानाची पट्टी शीव रुग्णालयात अभ्यासली गेली. हे पदार्थ स्वस्त आहेत. पण त्यांची पट्टी निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरली गेली, हे विसरू नये. स्वयंपाकघरातील बरणीतला मध आणि निर्जंतुक केलेला औषधी मध यांतही हाच फरक आहे.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे : भाजल्याबरोबर तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने जखम झाकावी. चेहरा, हात वा सांधे भाजले असतील, जखम तळहाताहून मोठी असेल, किंवा बालक भाजले असेल, तर 108 क्रमांकाला दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय गाठावे. घरचा उपाय डॉक्टरांना विचारून मगच करावा.