बलुत्यापासून वेतनश्रेणीपर्यंत : पोलीस सेवेच्या मोबदल्याचा इतिहास

सेवेचा मोबदला कोण देतो, किती देतो आणि कोणत्या नियमाने देतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या सेवकाचे समाजातील स्थान ओळखता येते. वरणगाव हे आयुध निर्माणीचे गाव असल्याने ‘वेतनश्रेणी’ हा शब्द येथील घरांना नवा नाही. आपल्या शाळेतील अनेक विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांनी या शब्दामागील इतिहासही जाणून घेतला पाहिजे.

खानदेशात १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. त्यापूर्वीपासून गावाची राखण जागले आणि महार करीत. खानदेशात जागल्याचे काम बहुधा भिल्लांकडे असे. १८२५ साली औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल कोअर उभी केली आणि ज्यांना सरकार बंडखोर म्हणत होते, त्यांनाच पगारी शिपाई केले. नियमित पगार माणसाला व्यवस्थेशी कसा जोडतो, याचे हे आपल्या जिल्ह्यातील जुने उदाहरण होय.

१८६७ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांचा आणि ग्राम पोलिसांचा असे दोन स्वतंत्र कायदे झाले. जिल्हा पोलीस हा सरकारी तिजोरीतून पगार घेणारा नोकर होता. गावातील महार मात्र वतनदार सेवक राहिला. तो गस्त घालीत असे, निरोप पोचवीत असे, सरकारी वसुलीबरोबर चालत असे. पण त्याचा मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांनी खळ्यावर दिलेले बलुते. काम सरकारचे आणि मोबदला गावाच्या मर्जीचा, अशी ही व्यवस्था होती. कामाचे तास ठरलेले नव्हते. वतनदार हजर नसला तर घरातील दुसऱ्याने राबावे लागे. हक्क मागितला की बलुते बंद होत असे.

या व्यवस्थेच्या मुळावरच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घाव घातला. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महारांची कामे निश्चित करावीत, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ते शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावे आणि ज्यांना वतन सोडायचे आहे त्यांना पूर्ण सारा भरून जमीन रयतवारीने मिळावी, हे त्याचे सार होते. विधेयक मंजूर झाले नाही; परंतु मोबदला हा उपकार नसून हक्क आहे, हा विचार रुजला. त्याच वर्षी सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात लष्कर, आरमार व पोलीस दलांत जातीच्या अडथळ्याविना भरती व्हावी आणि प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य वर्गातील एक विशेष पोलीस इन्स्पेक्टर नेमावा, अशी मागणी होती. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस बंदी केली. १ ऑगस्ट १९५९ पासून मुंबई राज्यात कनिष्ठ ग्राम वतने संपुष्टात आली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वारशाऐवजी नेमणुकीचे झाले. त्यास मात्र वेतन नसून मानधन मिळते. २०२४ मध्ये ते ६,५०० वरून १५,००० रुपये करण्यात आले.

आज राज्य पोलीस दलातील वेतन सातव्या वेतन आयोगानुसार आहे. पोलीस शिपायाची श्रेणी २१,७०० ते ६९,१००, उपनिरीक्षकाची ३८,६०० ते १,२२,८०० आणि उपअधीक्षकाची ५६,१०० ते १,७७,५०० रुपये आहे. पहिला आकडा सेवारंभीचे मूळ वेतन दाखवितो. त्यात दरवर्षी सुमारे तीन टक्के वाढ होते. मूळ वेतनावर ठरावीक टक्क्यांनी महागाई भत्ता मिळतो. टक्केवारी सर्वांना सारखी असल्याने वरच्या पदास रक्कम अधिक मिळते. शासकीय निवासस्थान नसल्यास शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो. सुरुवातीच्या वेतनात शिपाई आणि उपअधीक्षक यांच्यात अडीच पटींहून थोडे अधिक अंतर आहे. हे अंतर जन्माने ठरत नाही. शिक्षण, स्पर्धा परीक्षा व पदोन्नती यांनी ते ओलांडता येते. उपनिरीक्षक व उपअधीक्षक या पदांसाठी पदवी लागते. म्हणून बारावीनंतर शिपाई भरतीत यश आले तरी पदवीचे शिक्षण सोडू नये.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या पूर्वजांना सेवेच्या मोबदल्यासाठी दारोदार हात पसरावा लागला. ठरलेले वेतन मिळू लागले आणि ती लाचारी संपली. वर्दी अंगावर चढल्यानंतर फिर्याद घेऊन आलेल्या गरिबाकडून जो पैसे मागतो, तो सेवेचे पुन्हा बलुते करतो. फरक इतकाच की आता लाचारी त्या गरिबाच्या वाट्यास येते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. ठरलेल्या वेतनात प्रामाणिकपणे केलेली सेवा हाच तिचा पोलीस सेवेतील अर्थ होय. भरतीच्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने धावण्याच्या सरावाबरोबर याचाही अभ्यास करावा.

जय भीम!