गाडी आपली, सडक सर्वांची

बाजाराचा दिवस असतो. एका मोटारसायकलवर तिघे बसून तालुक्याला निघालेले असतात. समोरून येणारा हात हलवून ओरडतो, "पुढं फाट्यावर मामा उभं हाईत रं!" लगेच गाडी वळते. पाणंदीने धूळ खात, लांबचा वळसा घालून मंडळी बाजारात पोचतात. पोलिसाला कसे चुकवले, म्हणून हसत हसत चहा घेतात.

हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काहींनी केलेही असेल. पण मंडळी, थोडा विचार करू. पोलीस चुकला खरा. पण त्याने अपघात चुकतो का?

पारावरची तीन मते

गावात या गोष्टीवर पुष्कळ बोलणे होते. आम्ही पारावर बसतो तेव्हा तीन मते नेहमी कानांवर येतात.

एकजण म्हणतो, "हे कायदे शहरवाल्यांसाठी. आपल्याकडं कुठं आलाय सिग्नल?"

दुसरा म्हणतो, "दंड म्हणजे नुसती कमाई. कायदा काढला तोच पैसे गोळा करायला."

तिसरा म्हणतो, "डोकं माझं, गाडी माझी. फुटलं तर माझं फुटंल. दुसऱ्याला काय त्याचं?"

या तिन्ही मतांत थोडे थोडे खरे आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण पुरते खरे एकही नाही. आपण एकेक मत घेऊन पाहू.

कायदा शहराचा की गावाचा?

आपल्या देशात मोटारगाड्यांचा कायदा १९१४ साली झाला. तेव्हा मोटारी फार थोड्या होत्या. पुढे १९३९ साली नवा कायदा आला. आज चालू आहे तो १९८८ सालचा. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड वाढले.

आता एक आकडा वाचा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दर तासाला एकोणीस माणसे. आणि मेलेल्या दर शंभरांपैकी सुमारे अडुसष्ट माणसे ग्रामीण भागात मेली.

असे का झाले असेल? आपल्या सडकेवर रात्री दिवा नसतो. उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी असते. तिला मागे लाल रिफ्लेक्टर नसतो. मागून येणाऱ्याला ती दिसते, तोवर उशीर झालेला असतो. डोक्यावर हेल्मेट नसते. दवाखाना लांब असतो. तेव्हा कायद्याची गरज गावाला शहराहून कमी नाही, जास्तच आहे.

एका तारखेची गोष्ट

"फुटलं तर माझं फुटंल," असे म्हणणाऱ्याला आम्ही एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यात आमचीही चूक आहे.

आमचा एक विद्यार्थी होता. दुसरीतच शाळा सोडून गुरांमागे गेला. शिकलेली अक्षरे विसरला. पण कष्टाळू. त्याने २०१४ साली मोटारसायकल घेतली. परवाना काढला. एक वर्षाचा विमा उतरवला. विम्याचा कागद घेऊन तो आमच्याकडे आला.

"गुरुजी, एवढं पैसं घेतलं. कागद बरोबर हाय का बघा की."

आम्ही चष्मा लावला. नाव वाचले. गाडीचा नंबर वाचला. रक्कम वाचली. "बरोबर आहे रे," म्हणून कागद परत दिला. खाली विमा संपण्याची तारीख होती. ती आम्ही मोठ्याने वाचली नाही. त्यानेही विचारली नाही.

कागद पिशवीत गुंडाळून ट्रंकेत गेला. सातबारा आणि रेशनकार्डाच्या खाली जाऊन बसला. वर्ष सरले. कोणी तो बाहेर काढला नाही.

२०१६ सालच्या पावसाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी तो तालुक्याहून परत येत होता. शेजारच्या वाडीतला एक मजूर डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेने चालला होता. अंधारात तो दिसला नाही. गाडी लागली. आमच्या विद्यार्थ्याने त्याला टाकून पळ काढला नाही. स्वतः दवाखान्यात नेले. पण तिसऱ्या दिवशी तो मजूर वारला. मागे बायको आणि दोन लहान लेकरे.

भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे गेला. तेव्हा कुठे ट्रंक उघडली. कागद बाहेर निघाला. विमा संपून कित्येक महिने झाले होते. विमा कंपनी म्हणाली, आमचा संबंध नाही. भरपाई मालकाच्या अंगावर आली. त्याने विहिरीखालची दीड एकर जमीन विकली. तरी पैसे पुरले नाहीत. उरलेले हप्त्याने देणे आले. आणि त्या विधवा बाईला ते पैसे असे तुकड्यातुकड्याने मिळत गेले. तिची थोरली मुलगी शाळा सोडून कामाला लागली.

विमा चालू असता, तर भरपाई कंपनीने दिली असती. गेलेला माणूस परत आला नसता. पण मागची दोन्ही घरे सावरली असती.

आमच्या विद्यार्थ्याने आम्हाला कधी दोष दिला नाही. पण तो कागद आमच्या हातात होता. "अरे, अमुक तारखेला हा संपतो. त्याच्या आत पैसे भर. भिंतीवर लिहून ठेव," एवढेच म्हणायचे होते. ते आम्ही म्हटले नाही. इतकी वर्षे मुलांना वाचायला शिकवले. पण अक्षरे वाचणे वेगळे आणि कागद वाचणे वेगळे, हे आम्ही त्या ट्रंकेपाशी शिकलो.

म्हणून सांगतो, डोके तुमचे असेल. पण गाडी ज्याला लागते, तो तिऱ्हाईत असतो. त्याची काळजी म्हणून कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला आहे. विम्याशिवाय गाडी चालवली, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारसायकलला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पाच वर्षांनी तारीख विसरणे आणखी सोपे! तेव्हा जपा.

कागद कसे वाचावेत?

गाडीचे चार कागद असतात. प्रत्येकावर एक तारीख असते. ती बोट ठेवून वाचा.

१. परवाना, म्हणजे लायसन. तो कोणत्या गाडीसाठी आहे आणि केव्हा संपतो, ते पाहा.

२. नोंदणीचा कागद, म्हणजे आर. सी. बुक. त्यावर मालकाचे नाव तुमचेच आहे ना? जुनी गाडी घेतली आणि नाव बदलले नाही, तर पुढे भांडण होते.

३. विमा. सुरू होण्याची तारीख आणि संपण्याची तारीख, दोन्ही वाचा.

४. धूर तपासल्याचा दाखला. याची मुदत थोडी असते.

हे कागद आता मोबाईलमध्येही ठेवता येतात. सरकारच्या डिजिलॉकरमधला कागद पोलिसाला दाखवलेला चालतो.

पोलीस आणि पावती

आता दुसरे मत. "दंड म्हणजे कमाई." लोक उगीच असे म्हणत नाहीत. आमच्यावरही प्रसंग आला आहे. एकदा आम्ही हेल्मेट न घालता निघालो. नाक्यावर अडवले. "दंड भरायचा, की थोडक्यात मिटवायचं?" असे विचारले गेले. आम्ही शंभराची नोट काढून दिली. पावती मागितली नाही. घरी येईपर्यंत त्या माणसाला शिव्या दिल्या. मग वाटले, घेणारा एक होता, तसा देणाराही एक होता. तो देणारा मास्तर होता.

तेव्हा हे ध्यानात ठेवावे. गणवेशातल्या पोलिसाने मागितला, तर परवाना दाखवणे आपले कर्तव्य आहे. हुज्जत घालू नये. चूक असेल तर दंड भरावा आणि पावती घ्यावी. ती वाचावी. गाडीचा नंबर, गुन्हा आणि रक्कम जुळते का ते पाहावे. आता बहुतेक दंड ई-चलनाने होतो. गाडीचा फोटो काढतात आणि मोबाईलवर निरोप येतो. नंबर आपला नसेल, तर तक्रार करता येते. कोणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या नंबरावर फोन करावा. २०१८ पासून लाच देणे हादेखील गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवावे.

ज्याचे कागद पुरे आणि ज्याला ते वाचता येतात, त्याला पाणंदीने पळावे लागत नाही.

पोराच्या हाती गाडी

"आमचं पोरगं चौदा वर्षांचं, पण गाडी काय झकास पळवतं!" असे बाप कौतुकाने सांगतो. हे कौतुक महागात पडते. गिअरची मोटारसायकल चालवायला वय अठरा पुरे लागते. लहान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

मोटारसायकलवर दोघांनीच बसावे. दोघांनीही हेल्मेट घालावे. हेल्मेटवर आय. एस. आय. ची खूण आहे का, ते वाचून घ्यावे. आणि दारू प्यालेल्याच्या हाती किल्ली देऊ नये. तो पाहुणा असला, तरी देऊ नये. रुसला तर उद्या समजूत काढता येईल.

पडलेल्याला उचला

रस्त्यात कोणी जखमी पडलेला दिसला, तर पुष्कळ लोक बाजूने निघून जातात. "पोलिसांच्या भानगडी कोण मागं लावून घेणार?" ही भीती आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि कायद्याने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. तुम्ही अपघात पाहून चांगल्या मनाने मदत केली, तर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती नाही. १०८ नंबर फिरवा. गाडी येते. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार फुकट मिळण्याची सोय आहे. पहिला तास मोलाचा. तो वाया घालवू नका.

आज रात्रीचे काम

मंडळी, धडा वाचून झाला. आता एक काम करा. घरी जा. ट्रंक उघडा. गाडीच्या विम्याचा कागद काढा. दिव्याखाली धरा. संपण्याची तारीख शोधा आणि घरातल्या सर्वांना ऐकू जाईल अशी वाचा. मग ती खडूने दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल, तर त्याचाही कागद वाचून द्या. आम्ही जी तारीख वाचली नाही, ती तुम्ही वाचा.

शब्दांचे अर्थ

तिऱ्हाईत – आपल्या नात्यागोत्याचा किंवा व्यवहारातला नसलेला माणूस.
भरपाई – झालेल्या नुकसानीबद्दल द्यायची रक्कम.
न्यायाधिकरण – ठराविक प्रकारचे दावे चालवणारे न्यायालय.
मुदत – ठरवून दिलेला काळ.

विचार करा व सांगा

१. विम्याच्या कागदावरच्या कोणत्या दोन तारखा वाचाव्यात?
२. या गोष्टीत चूक कोणाकोणाची झाली? तुम्हाला काय वाटते?
३. दंड भरल्यावर पावतीवर काय काय पाहाल?
४. आपल्या गावच्या सडकेवर धोक्याची जागा कोणती? तेथे काय करता येईल?