व्हिडिओ गेमचा रिमोट : आधी दोष शोधा, मग पेचकस उचला

माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना व्हिडिओ गेम मुलांच्या हट्टापायी एखादे दिवशी खाली उतरतो आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडतो. ग्राहकाची तक्रार एकच असते : "बटन लागत नाही." जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच घराण्यातील संच १९९० च्या दशकात आपल्याकडे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकले गेले.  सुटा भाग शोधायला डहाणूच्या कारागिराला सुमारे सव्वाशे किलोमीटरवरची मुंबई, म्हणजे लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. तलासरीच्या बंधूंना तर आधी डहाणू रोड वा उंबरगावचे स्टेशन गाठावे लागते. दिवसाची कमाई त्यात जाते. म्हणून चांगला रिमोट चुकीच्या अंदाजाने फेकून देणे कारागिरालाही परवडत नाही आणि ग्राहकालाही नाही. या धड्यात आम्ही दोष शोधण्याचा क्रम सांगत आहोत.

रिमोट काम कसे करतो?

रिमोटमध्ये आठ मुख्य बटने असतात : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. वायरीत मात्र आतल्या तारा पाचच. दोन तारा ५ व्होल्ट आणि अर्थिंगच्या. तिसरीला लॅच म्हणतात. तिच्यावरून यंत्र हुकूम देते, "आता सर्व बटनांची स्थिती टिपून घे." चौथी क्लॉक. तिच्या प्रत्येक ठोक्याला एकेका बटनाची खबर पुढे सरकते. पाचवी डेटा, जिच्यावरून ती खबर यंत्रात जाते. आठ बटनांची खबर एकाच तारेवर ओळीने पाठवण्याचे काम ४०२१ क्रमांकाची आयसी करते. स्वस्त संचांत आयसीऐवजी पट्टीवर काळ्या डांबरासारखा थेंब असतो, त्याच्या आत हेच काम चालते.

एवढे ध्यानात ठेवले की अर्धे निदान झालेच. एकच बटन बंद असेल तर दोष त्या बटनाचा. सर्व बटने एकदम बंद असतील तर दोष बटनांचा नव्हे, वायर, सॉकेट किंवा आयसीचा.

पहिली पायरी : न उघडता तपासणी

संच बंद करून दोन्ही रिमोट एकमेकांच्या जागी लावा. चालू संचात रिमोट काढू-घालू नये. दोष रिमोटबरोबर गेला तर रिमोट खराब. दोष त्याच सॉकेटात राहिला तर रिमोटला हात लावू नका, सॉकेटचे सोल्डर पाहा. येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ खेळ पहिल्या रिमोटचेच स्टार्ट बटन ऐकतात आणि काही संचांच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट मुळातच नसतात. तो दोष नव्हे.

मग अडॅप्टर पाहा. यंत्राच्या आत ५ व्होल्ट पोचले पाहिजेत. ते ४.७५ च्या खाली घसरत असतील तर चांगली बटनेही वेड्यासारखी वागू शकतात. खेळच मध्ये अडकत असेल तर कॅसेटच्या पट्ट्या साफ करून पाहा. "बटन उशिरा लागते" ही तक्रार नव्या सपाट टीव्हीवर येते. अशा टीव्हीत चित्रच क्षणभर उशिरा उमटते. जुन्या काचेच्या टीव्हीवर तोच संच लावून पाहिला की खरे काय ते कळते.

दुसरी पायरी : लक्षणावरून दोष

एखादे बटन जोर दिल्यावरच लागते : रबराखालचा कार्बन झिजला किंवा मळला आहे.

बटन न दाबता लागलेले राहते : पट्टीवर ओल, मळ किंवा गंज आहे, नाहीतर रबर फाटून बसले आहे.

वायर हलवली की चालते, सोडली की बंद : वायर आतून तुटली आहे. बहुधा रिमोटच्या तोंडाशी, जेथे ती सारखी वाकते.

ए दाबले की बाकीची बटनेही दाबल्यासारखी होतात : क्लॉकची तार तपासा. ठोका पोचत नसला की यंत्र पहिल्या बटनाची, म्हणजे ए ची खबर आठ वेळा वाचते.

एकही बटन लागत नाही : ५ व्होल्ट, अर्थिंग आणि डेटा या तारा आधी पाहा.

तिसरी पायरी : मल्टिमीटर

मल्टिमीटर बझरवर ठेवून पाचही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासा आणि तपासताना वायर वाकवा. तारांच्या रंगांवर विसंबू नका. प्लग सारखा दिसला तरी वेगवेगळ्या संचांत तारांची जागा निराळी असते. परका रिमोट लावण्यापूर्वी ५ व्होल्ट कोठे येतात ते मोजलेच पाहिजे.

तारा ठीक असतील तर संच चालू करून ४०२१ च्या बटनांकडील पायांवर व्होल्टेज पाहा. बटन सुटे असताना सुमारे ५ व्होल्ट आणि दाबल्यावर शून्याजवळ, हे बरोबर. दाबूनही व्होल्टेज उतरत नसेल तर कार्बन किंवा पट्टी खराब. व्होल्टेज उतरते, तरीही खेळात बटन लागत नाही, तर आयसी बदला. काळ्या थेंबाची पट्टी असेल तर ती दुरुस्त होत नाही, सबंध पट्टीच बदलावी लागते.

सफाई आणि आपली हवा

डहाणूच्या किनारी भागात खाऱ्या हवेने तांब्याच्या पट्टीवर हिरवट गंज चढतो, तर आत तलासरीकडे महामार्गाची धूळ आणि पावसाळ्यातली ओल असते. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसा. पॉलिश पेपर कधीही घासू नका. काळ्या कार्बनची छपाई असलेली पट्टी त्याने कायमची जाते. थिनरने प्लास्टिक विरघळते. रबर साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. कार्बन फारच झिजला असेल तर टाकाऊ रिमोटमधील त्याच मापाचे रबर बसवा. चांदीचा कागद चिकटवण्याची युक्ती तात्पुरती समजावी.

व्यवहाराची बाजू

दोष शोधणे हेही काम आहे. त्याची मजुरी आधी सांगून घ्यावी. पण रबर धुऊन काम झाले असेल तर आयसी बदलल्याचे पैसे लावू नयेत. काय सापडले आणि काय केले ते पावतीवर दोन ओळींत लिहावे, काढलेला भाग ग्राहकाला दाखवावा. दुकानात आलेली वस्तू आपल्याजवळ अमानत असते. डहाणू-तलासरीसारख्या गावांत सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे खोटे बिल फार दिवस लपत नाही आणि खरे बिल दहा नवी गिऱ्हाइके आणते.

ही विद्या एका खेळण्यापुरती नाही. टीव्हीचा रिमोट आणि पुष्कळसे कॅल्क्युलेटर याच रबर-कार्बनवर चालतात. दुकानात शिकाऊ मुलगा असेल तर टाकाऊ रिमोट त्याच्या हाती द्या आणि उघडण्यापूर्वी दोष कोठे असेल ते त्याला सांगायला लावा.