घराचा विमा : काय येते, काय येत नाही

खाली दुकान व वर बिऱ्हाड, अशा वास्तू आपल्या बाजारपेठांत अद्याप पुष्कळ आहेत. घराचा विमा उतरविला म्हणजे त्यात सर्व काही आले, ही समजूत अशा ठिकाणी महागात पडते.

1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांवर 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र देण्याचे बंधन आले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांनी झालेली हानी त्यात येते. रक्कम मात्र बाजारभावाने नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चाने ठरते. जमिनीची किंमत तीत नसते. बांधकामाचा विमा 20 लाखांचा असल्यास सामान्य घरसामानास त्याच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाखांचे संरक्षण आपोआप मिळते. याची कमाल मर्यादा 10 लाख रुपये.

आता वगळलेल्या गोष्टी पाहू. रोकड, सोन्याचांदीच्या लगडी, सुटी रत्ने व रोखे यांची भरपाई नाही. दागिन्यांसाठी निराळा पर्याय घ्यावा लागतो. मूळ विमापत्रात निव्वळ घरफोडी येत नाही. आग, पूर इत्यादी घटनेमुळे तिच्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी येते.

मुख्य गोष्ट ही की, माडीवर ठेवलेला विक्रीचा माल घरसामान ठरत नाही. त्यासाठी व्यवसायाचे स्वतंत्र विमापत्र हवे.

तेव्हा हप्ता भरण्यापूर्वी वास्तू, घरसामान, दागिने व माल अशी चार खाती मांडावी आणि प्रत्येकापुढे त्याचे विमापत्र लिहावे. जेथे जागा कोरी राहील, तेथील जोखीम आपल्याच शिरावर आहे, असे समजावे.