भेदरलेले शरीर आणि मंडळीचे कर्तव्य

अभ्यासासाठी शास्त्रभाग : १ राजे १९:१–१८

ईजबेलीच्या धमकीने घाबरून एलीया रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत अनेकदा शिकवली आहे. पण त्यातील क्रमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देवदूताने त्याला प्रथम स्पर्श केला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. “तू येथे काय करतोस?” अशा अर्थाचा प्रश्न त्याला होरेबास पोहोचल्यावर विचारण्यात आला, म्हणजे चाळीस दिवसांनंतर. तोपर्यंत त्याच्याकडून कोणी कबुली मागितली नाही, की साक्ष मागितली नाही.

आज मानसोपचाराच्या क्षेत्रात भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसावर जे उपचार होतात, त्यांचाही क्रम पुष्कळसा असाच आहे : अगोदर शरीराला सुरक्षितता आणि मग आठवणीला हात. तेव्हा या उपचारांची ओळख करून घेऊन मंडळीने त्यांतून काय शिकावे, ते या पाठात पाहू.

१. घाव कोठे राहतो?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि लोक गाढ झोपेत होते. दगडमातीची जड घरे अंगावर कोसळून किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने वाचलेल्या काही लोकांची मानसिक तपासणी झाली. तिचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक आजाराची लक्षणे आढळली. त्यांत आघातानंतरचा तणावविकार आणि तीव्र नैराश्य हे दोन आजार मुख्य होते. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि १९ जण मृत्युमुखी पडले. अशा ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या माणसाचे हाड दीड-दोन महिन्यांत जुळते. मनाचे तसे नाही.

याचे कारण असे की, साधी आठवण आणि आघाताची आठवण यांत फरक असतो. साधी आठवण भूतकाळात जाऊन बसते. आघाताची आठवण मात्र ‘आता घडत आहे’ अशी येते. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक लहानसा भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. समजा, एक बाई हुबळी–कारवार रस्त्यावर बसच्या अपघातात सापडली. जखमा भरून आल्या. पण वर्षभरानंतरही ब्रेकचा कर्कश आवाज ऐकला की तिची छाती धडधडते, हातपाय गार पडतात आणि घशात आवंढा अडकतो. आपण स्वयंपाकघरात सुरक्षित आहोत हे तिला ठाऊक असते, परंतु तिच्या शरीराला ते ठाऊक नसते. अशा बाईला “विश्वास ठेव, भिऊ नको” असे सांगणे म्हणजे ताप आलेल्याला “गरम होऊ नको” असे सांगण्यासारखे आहे.

२. बोलायला लावणे म्हणजे उपचार नव्हे

“मनातले सगळे सांगून टाक, म्हणजे हलके वाटेल” असे आपण सहज म्हणतो. सांगण्याने पुष्कळांना बरे वाटते हे खरे, पण ते आपल्या इच्छेने आणि आपल्या वेळी सांगितले तरच. एके काळी अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सर्व हकीगत वदवून घेण्याची पद्धत प्रचारात होती. १९९७ साली भाजलेल्या रुग्णांचा एक अभ्यास ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. अशी बैठक झालेल्यांपैकी शेकडा २६ जणांना तेरा महिन्यांनी तणावविकार होता. बैठक न झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ९ होते. (पहिल्या गटातील लोक मुळात काहीसे अधिक भाजलेले होते, हेही सांगितले पाहिजे.) पुढे अशा अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली, तेव्हाही या एका बैठकीने आजार टळतो असे दिसले नाही. म्हणून आज तज्ज्ञ ती पद्धत सुचवीत नाहीत.

३. डोळ्यांच्या हालचालींची पद्धत

मग उपचार कसा होतो? त्यांपैकी एका पद्धतीला ई.एम.डी.आर. म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ साली बागेत फिरताना असे जाणवले की, डोळे वेगाने इकडून तिकडे फिरत असता त्रासदायक विचारांची धार कमी होते. १९८९ साली त्यांनी आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या तणावविकारासाठी मोठ्यांना व मुलांना ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत ही पद्धत आहे. आपल्या देशात तिचा प्रसार २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर झाला. त्या वेळी परदेशातील स्वयंसेवक चिकित्सकांनी येऊन येथील मानसोपचारकांना शिकवले. पुढे हे काम वाढवण्यात मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. सुषमा मेहरोत्रा यांचा मोठा वाटा आहे.

या पद्धतीचे आठ टप्पे आहेत. वरील बाई उपचाराला गेली तर चिकित्सक प्रथम तिची माहिती घेतात. नंतर मन आवरण्याचे उपाय शिकवतात. ते तिला जमेपर्यंत अपघाताच्या आठवणीला हात लावला जात नाही. मग त्या प्रसंगाचे सर्वांत वाईट चित्र कोणते, त्याबरोबर स्वतःविषयी कोणता विचार येतो (‘मी आता मरणार’), त्याऐवजी कोणता विचार खरा वाटावा असे वाटते (‘मी वाचले, आता मी सुरक्षित आहे’), त्रास शून्य ते दहा या मापात किती आणि तो शरीरात कोठे जाणवतो, हे विचारतात.

त्यानंतर ती बाई ते चित्र मनात धरते व चिकित्सकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे डोळे फिरवते. कधी बोटांऐवजी दोन्ही तळहातांवर आळीपाळीने हलकी थाप देतात. अर्ध्या मिनिटाच्या सुमारास थांबून “आता काय जाणवते?” एवढेच विचारतात आणि पुढे चालू ठेवतात. त्रासाचा आकडा उतरला की चांगला विचार दृढ करतात. मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरात कोठे ताण उरला आहे काय, हे तिलाच तपासायला सांगतात. शेवटी तिला शांत करून घरी पाठवतात व पुढच्या भेटीत पुन्हा पाहतात. आठवण पुसली जात नाही. ती आपल्या जागी, म्हणजे मागे, जाऊन बसते.

येथे दोन शंका येतील. हे संमोहन आहे काय? नाही. माणूस पूर्ण जागा असतो आणि हात वर करून केव्हाही थांबवू शकतो. यात मंत्र नाही, की अंगारा नाही. सगळी हकीगत सांगावी लागते काय? तेही नाही, बारीकसारीक तपशील न सांगताही काम चालते. ही पद्धत का लागू पडते याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. एक मत असे की, आठवण मनात धरणे आणि डोळे फिरवणे ही दोन कामे एकदम करताना मनाची शक्ती वाटली जाते व त्यामुळे चित्र फिके पडते. डोळ्यांच्या हालचालींचा स्वतःचा वाटा किती, यावरही वाद आहे.

४. शरीराकडून मनाकडे

दुसऱ्या काही पद्धती थेट शरीरापासून सुरुवात करतात. अमेरिकेतील पीटर लेव्हिन व पॅट ऑग्डेन यांची नावे या संदर्भात घेतली जातात. रुग्णाला आपले पाय जमिनीवर टेकलेले जाणवू देणे, खोलीत सावकाश नजर फिरवणे, श्वास हळू व लांब सोडणे, ताणाच्या जागेकडून शरीरातील निवांत जागेकडे लक्ष नेणे व परत आणणे, अशी ही कामे असतात. या पद्धतींना ई.एम.डी.आर.इतका अभ्यासाचा आधार अजून मिळालेला नाही, हे ध्यानात ठेवावे. परंतु घाबरलेल्या शरीराला आधी शांत करावे, हा त्यांतील धडा आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

५. मंडळीने व शिक्षकांनी काय करावे?

आपण चिकित्सक नाही. आठवण उकरून काढून तिच्यावर उपचार करणे हे प्रशिक्षितांचेच काम आहे. आपल्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली इतर संस्थांबरोबर एक मार्गदर्शिका काढली. वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्थाही त्यांत होती. तिचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो : पाहा, ऐका, जोडून द्या. त्याला अनुसरून काही सूचना :

(अ) साक्षीसाठी कोणालाही आग्रह करू नये. प्रार्थनासभेत “ताईंनी अपघाताचे सांगावे” असे न विचारता जाहीर करणे तर मुळीच योग्य नव्हे.

(आ) विश्वास कमी म्हणून भीती जात नाही, असे बोलू नये. एलीयाला तसे कोणी म्हटले नाही.

(इ) डबा, औषध, मुलांना शाळेत पोहोचवणे, रात्री सोबतीला कोणी असणे, ही सेवा अगोदर करावी.

(ई) वर्गातील मूल अचानक दचकते, एकच अपघाताचा खेळ पुन्हा पुन्हा खेळते, पोट दुखते म्हणून सांगते किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागते, तर त्याला रागावू नये. त्याला नेहमीची जागा द्यावी, पुढे काय होणार ते आधी सांगावे, न विचारता जवळ घेऊ नये. ते घाबरले तर पाय जमिनीवर टेकवून खोलीतील पाच वस्तूंची नावे सांगायला लावावीत.

(उ) मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती मंडळीत मिटवू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

(ऊ) बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिन्यानंतरही झोप, काम व घर विस्कळीत राहिले, किंवा मरणाचे विचार येऊ लागले (अशा वेळी तर महिनाही थांबू नये), तर तज्ज्ञांकडे न्यावे. कलघटगीहून धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था दूर नाही. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कन्नड व मराठीतही बोलता येते. ई.एम.डी.आर. हवे असल्यास चिकित्सकाने त्याचे प्रशिक्षण घेतले आहे काय, हे निःसंकोच विचारावे.

तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे. एलीयापुढे भाकर ठेवणारा हातही देवानेच पाठवला होता. पुढे त्याला काम मिळाले आणि अलीशाची सोबतही मिळाली. पण आधी त्याला जेवू दिले आणि झोपू दिले.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलीयाला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्यासाठी कोणकोणत्या गोष्टी केल्या गेल्या? त्यांचा क्रम लिहा.
२. आपल्या मंडळीत साक्ष देण्याचा दबाव कोणावर येतो काय? तो कसा टाळता येईल?
३. आपल्या वर्गातील भेदरलेल्या मुलासाठी येत्या रविवारी कोणता एक बदल कराल?