ओलाव्याचा पहारेकरी

हिवाळ्यांत नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या दृष्टीस पडतात. लाल मिरची उन्हांत वाळत असतां अवकाळी पावसाची एक सर आली, तर सारा माल काळवंडतो. ओलावा थोडा, पण हानि मोठी. शीतयंत्रासहि हाच नियम लागू आहे, हें आमच्या बालवाचकांस ठाऊक नसेल. तें आज सांगूं.

फ्रीजच्या बंद नळ्यांतून एक प्रशीतक द्रव्य सतत फिरत असतें. कारागीर त्यास ‘गॅस’ म्हणतात. कॉम्प्रेसर त्यास दाबतो; मागील जाळींत उष्णता टाकून तें द्रवरूप होतें; पुढें केसासारख्या बारीक नळींतून जाऊन त्याची वाफ होते, व ती होतांना आंतील उष्णता शोषिली जाते. या बारीक नळीचें छिद्र घरगुती फ्रीजमध्यें बहुधा एक मिलिमीटरहूनहि लहान असतें. द्रवांत पाण्याचा अंश राहिला, तर तो नळीच्या टोकाशीं गोठून वाट बंद करितो. फ्रीज बंद ठेवला कीं बर्फ वितळतो, यंत्र पुन्हां चालतें, आणि थोड्या वेळानें पुन्हां तीच रड! शिवाय, ओलाव्यानें आम्लें उत्पन्न होऊन कॉम्प्रेसर आंतून झिजतो तो निराळाच.

म्हणून बारीक नळीच्या अलीकडे बोटाएवढी एक डबी बसवितात. तीच फिल्टर ड्रायर. तिच्यांतील जाळी कचरा अडविते, व झिओलाइटचे मणी पाणी धरून ठेवितात. मण्यांचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म, कीं पाण्याचा रेणु आंत शिरतो आणि प्रशीतकाचा मोठा रेणु बाहेरच राहतो. पावसाळ्यांत मिठाच्या बरणींत तांदुळाचे दाणे घालतात, तशांतलाच हा प्रकार.

ड्रायर निवडतांना प्रशीतकाची जात, नळीचा व्यास व यंत्राची शक्ति पाहावी. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुनीं प्रशीतकें मागें पडलीं. नव्यांपैकीं आर-१३४ए बरोबरचें कृत्रिम तेल हवेंतील ओलावा फार लवकर ओढतें. म्हणून जुन्या गॅसचा ड्रायर नव्यास चालेलच असें नाहीं. बाण प्रवाहाच्या दिशेस ठेवावा, आणि टोंकावरील बूच अगदीं बसवितेवेळींच काढावें.

दोन्ही टोंकांस हात लावून पाहावा. ऊब सारखी लागली तर ठीक. पुढील टोंक स्पष्ट गार लागलें, तर ड्रायर तुंबला असें समजावें. नळ्या उघडण्याचा प्रसंग आला, कीं ड्रायर नवाच घालावा. जुना तापवून काढूं नये, कापून काढावा; तापविल्यास धरलेलें पाणी पुन्हां नळ्यांत जातें. ‘अजून चालेल’ म्हणून तोच ठेवणें ही काटकसर नव्हे.

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आरोग्यकेंद्रांत बालकांच्या लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यांत खालीं पारा ४० अंशांपुढें जातो. तेव्हां शीतपेटी बंद पडली, तर डोंगर उतरून आलेल्या मातेस रिकाम्या हातीं परतावें लागेल, किंवा बाळास निर्बल झालेली लस टोंचली जाईल.

मुलांनो, तुमच्यांतील कोणी पुढें हें काम शिकेल. ही डबी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ती बदलली कीं नाहीं, हें कारागिराखेरीज कोणास कळत नाहीं. म्हणूनच ती बदलावी.