राबाची राख

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागात भाताची रोपे करण्याची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, फांद्या व पालापाचोळा पसरून राब भाजतात. पावसाच्या आरंभी तेथे पेरलेले भात जोमाने वाढते. मात्र त्यासाठी दरवर्षी झाडे छाटावी लागतात.

हा गुण राखेचा असेल, तर चुलीतली राख का चालू नये? अडचण अशी, की राबात राख व आच एकत्र असतात. त्यांना वेगळे केल्यावाचून उत्तर मिळत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह या राबाचा अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला.

घरीही पडताळा घेता येतो. एकाच शेतातील माती तीन कुंड्यांत भरावी : पहिलीत नुसती, दुसरीत थोडी राख मिसळलेली, तिसरीत तव्यावर भाजून निवालेली. प्रत्येकीत भाताचे पंचवीस दाणे पेरावे. ऊन व पाणी सारखेच द्यावे. एरवी फरक कशाने पडला, हे कळणारच नाही.

राखेतून रोपांना पालाश मिळते. परंतु तणाचे बी मरते ते आचेने. भाजलेल्या मातीतील नत्रही रोपांना लवकर मिळू लागते. म्हणून राखेच्या कुंडीत काही दिवसांतच भाताबरोबर तणही डोके वर काढते.